मानेतला भोवरा

गेल्या रविवारी सकाळी पोह्यांवर झाकण ठेवून मी वाफ यायची वाट पाहत होते, तेवढ्यात समोरच्या घरातली सून आपल्या साडेपाच वर्षांच्या मुलीचा हात धरून दारात येऊन उभी राहिली. तिच्या दुसऱ्या हातात शाळेच्या आरोग्य तपासणीचा कागद होता आणि त्याची घडी इतक्या वेळा उलगडून मिटली गेली होती की मधोमध तो विरत आला होता. "काकू, हिच्या हृदयात आवाज आहे असं लिहिलंय," एवढे म्हणून ती थांबली. लोकमान्य नगरात राहायला येऊन तिला सात वर्षे झाली, पण इतक्या सकाळी ती कधी आली नव्हती. दोन रात्री घरात कुणी धड झोपलेले नाही, सासूबाईंनी मुलीच्या दोरीवरच्या उड्या बंद केल्या आहेत आणि सासरे सोमवारी अहमदाबादला कुणाला दाखवायचे याची फोनाफोनी करत बसले आहेत, हे सगळे तिने उंबरठ्यावरच सांगून टाकले.

मुलांची डॉक्टर म्हणून मी या शहरात चौतीस वर्षे काम केले आणि निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. स्टेथोस्कोप मात्र अजून बैठकीतल्या कपाटाच्या खालच्या खणात असतो, कारण निवृत्ती मी घेतली, शेजाऱ्यांनी ती मान्य केलेली नाही. कागदावर 'सतत ऐकू येणारा मर्मर, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे' असे इंग्रजीत लिहिले होते. मर्मर म्हणजे ठोक्यांखेरीज ऐकू येणारा, रक्ताच्या प्रवाहाचा आवाज. ज्याने लिहिले त्याला मी दोष देणार नाही. वर्गाबाहेर रांगेत उभी असलेली शेकडो मुले, डोक्यावर खडखडणारा पंखा आणि एका मुलामागे मिनिटभराचा वेळ, अशा स्थितीत जे ऐकू आले ते त्याने प्रामाणिकपणे टिपले आणि पुढे पाठवले, हे योग्यच केले. अडचण पुढच्या टप्प्यावर झाली. कागदावर हृदयातला आवाज असे कुठेही म्हटलेले नव्हते. ते भाषांतर घरी पोहोचेपर्यंत आपोआप झाले होते.

मी मुलीला मोड्यावर ताठ बसवले आणि पंखा बंद केला. स्टेथोस्कोपच्या टोकाला दोन बाजू असतात, एक चपटी चकती आणि दुसरी वाटीसारखी. मंद, खालच्या पट्टीतले आवाज वाटीने नीट ऐकू येतात. गळ्याखालच्या आडव्या हाडाला आम्ही इंदूरची मंडळी हिंदीतून उचलून 'हंसली' म्हणतो, त्या हाडाच्या वर उजव्या बाजूला जो खळगा असतो तिथे मी ती वाटी अलगद टेकवली. आवाज होता, आणि चांगला ठसठशीत होता. हृदयाच्या ठोक्यांमध्ये 'लब-डब'च्या मधल्या जागा रिकाम्या असतात; इथे रिकामी जागाच नव्हती. दूर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी अखंड घरघर चालली होती, आणि ठोक्यागणिक तिला थोडी चढ येऊन ती पुन्हा उतरत होती. मुलीला मी खिडकीतल्या चिमणीकडे, म्हणजे डावीकडे वर बघायला सांगितले. मान वळली, हनुवटी उचलली गेली, आणि गिरणी जवळ आल्यासारखा आवाज वाढला.

मग मी डाव्या हाताचे एक बोट तिच्या गळ्याच्या उजव्या बाजूला, वाटीच्या वर तीन-चार बोटांच्या अंतरावर ठेवले. दाब किती द्यायचा, तर पदरावरची सुरकुती बोटाने सरळ करावी तेवढाच. आवाज त्या क्षणी बंद झाला. कमी झाला असे मी म्हणत नाही. कुणी बटण दाबून रेडिओ बंद करावा तसा तो थांबला आणि आतून फक्त हृदयाचे दोन स्वच्छ ठोके येत राहिले. बोट उचलले की घरघर हजर, टेकवले की गायब. शेवटी तिला दिवाणावर आडवे केले, तेव्हा बोट न लावताही आवाज नाहीसा झाला. एवढ्या तपासणीला दोन मिनिटेही लागली नसतील, आणि एवढ्यावरून ठामपणे सांगता येत होते की हा आवाज हृदयात नसून मानेतल्या शिरेत आहे आणि तो अगदी निरुपद्रवी आहे. वैद्यकात याला व्हीनस हम म्हणतात. मी आई-वडिलांशी बोलताना शिरेची गुणगुण म्हणते.

ही गुणगुण कशी निर्माण होते, ते इंदूरच्या माणसाला समजावणे फार सोपे आहे. आपल्याकडे नर्मदेचे पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून येते आणि एक दिवसाआड नळाला सुटते. पाण्याच्या वेळी कुणी तरी गुपचूप नळाला थेट मोटर लावतो (लावू नये, पण लावतो), आणि मग रबराचा पाइप ओढीने जागोजागी चपटा होऊन 'घूं' असा आवाज करू लागतो. आवाज मोटरचा नसतो, तो चपटलेल्या पाइपातून जोरात निसटणाऱ्या पाण्याचा असतो. मानेत नेमके हेच घडते. मेंदूत वापरून झालेले रक्त जुग्युलर नावाच्या दोन मोठ्या शिरांमधून, मानेच्या दोन्ही बाजूंनी, हृदयाकडे परत येते. धमनीची भिंत जाड आणि आतला दाब मोठा. शिरेची भिंत पातळ, मऊ आणि आतला दाब अगदीच किरकोळ. आपण बसलो किंवा उभे राहिलो की रक्त स्वतःच्या वजनाने खाली ओढले जाते, शीर अर्धवट चपटी होते, आणि त्या अरुंद फटीतून खालच्या रुंद भागात रक्ताची धार पडते तेव्हा भोवरे उठतात. त्यांची थरथर शिरेच्या पातळ भिंतीला लागते आणि आपल्याला घरघर ऐकू येते. आडवे झाले की वरून खाली ओढणारे कुणी राहत नाही, शीर गोल फुगते आणि रक्त शांतपणे वाहू लागते.

बोटाच्या हलक्या दाबाने आवाज का थांबतो, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. शिरेतला दाब इतका कमी असतो की पदर सरळ करण्याएवढ्या जोरानेसुद्धा ती मिटते. शेजारून जाणाऱ्या धमनीला त्या बोटाचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच हलक्या बोटाने थांबणारा आवाज शिरेचाच असणार, असे खात्रीने म्हणता येते. मुलाला मुठीत तोंड खुपसून जोराने फुंकायला लावले तरी हा आवाज थांबतो, कारण छातीतला दाब वाढून वरून येणारे रक्त क्षणभर अडते. मोठ्या मुलांना हा खेळ आवडतो. लहान मुले मात्र मुठीत फुंकण्याऐवजी डॉक्टरच्या तोंडावर फुंकतात, असा माझा अनुभव आहे. आवाज उजव्या बाजूला जास्त का, तर मेंदूच्या वरच्या मोठ्या शिरेतले बरेचसे रक्त बहुतेकांमध्ये उजवीकडे वळते आणि उजवी जुग्युलर सहसा अधिक रुंद असते. ठोक्यागणिक चढउतार का, तर हृदय सैल पडते तेव्हा वरून रक्त वेगाने आत शिरते, आणि घरघर त्या वेळी सर्वांत मोठी होते.

आता प्रश्न असा की ही गुणगुण मुलांमध्येच एवढी का ऐकू येते. माझ्या दवाखान्यात तीन ते आठ वर्षांची मुले बसवून, मान वळवून, वाटी लावून मन लावून ऐकली तर ज्यांच्यात ती मिळाली नाही अशीच मुले मला थोडी आठवतात. कारण त्या वयाचा मेंदू फार खादाड असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू वजनाने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट रक्त लागते. मोठ्या माणसाच्या डोक्यातून मिनिटाला पाऊण लिटर रक्त फिरत असेल, तर या चिमुरड्यांच्या डोक्यातून लिटरभराहून अधिक. एवढे सगळे रक्त माझ्या मनगटाहून फारशा जाड नसलेल्या मानेतून परत यायचे, म्हटल्यावर थोडा आवाज व्हायचाच.

या आवाजाच्या नावाची एक गोष्ट मला फार आवडते. पॅरिसमध्ये रने लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि युरोपभरचे डॉक्टर लाकडी नळ्या घेऊन माणसांच्या छातीला, पाठीला आणि गळ्याला कान लावू लागले. गळ्यातली ही घरघर त्यांना पंडुरोगी, म्हणजे अंगात रक्त कमी असलेल्या, तरुण मुलींमध्ये विशेष ऐकू येई, आणि फ्रेंचांनी तिला नाव दिले 'ब्रुई द द्याब्ल'. शब्दशः पाहिले तर सैतानाचा आवाज! विद्यार्थी असताना पुस्तकात हे नाव वाचून मी दचकले होते. पुढे कळले की 'द्याब्ल' हे फिरवले की घोंघावणाऱ्या एका खेळण्याचेही नाव होते, आणि डॉक्टरांच्या मनात सैतान नव्हता, ते खेळणे होते. आपल्या भाषेत सांगायचे तर भोवरा, आणि तोही तळहातावर घेतला की गुंजणारा. माझ्या भावाकडे असा एक लाकडी भोवरा होता, राजवाड्यासमोरच्या बाजारातून घेतलेला. जाळी अचूक बसली तर तो एका जागी स्थिर उभा राही आणि कानाशी नेला की हीच, अगदी हीच गुणगुण ऐकू येई. पुढे १८६७ मध्ये पिएर पोतँ यांनी जुग्युलर शिरांच्या हालचालींचा आणि त्यांतल्या आवाजांचा नीट अभ्यास करून तो मांडला. तरीही भोवऱ्याचे ते जुने नाव इतके चपखल आहे की मला त्यात काही बदलावेसे वाटत नाही.

पंडुरोगी मुलींमध्येच तो जास्त का सापडला, याचा उलगडा वैद्यांनी नव्हे तर मँचेस्टरच्या एका अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने सोपा केला. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार मिसळली. पाणी हळू वाहत असताना रंगाची रेघ सरळ राही, वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती विसकटून भोवऱ्यांत मिसळून जाई. प्रवाह जितका वेगवान, नळी जितकी रुंद आणि द्रव जितका पातळ, तितके भोवरे लवकर उठतात. पंडुरोगात रक्त पातळ होते आणि तेवढ्याच रक्तात शरीराचे भागावे म्हणून हृदय ते अधिक वेगाने फिरवते. भोवरे उठायला आणखी काय हवे?

इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय मी या विषयावर एवढ्या आग्रहाने का लिहिते आहे ते कळणार नाही. बाळ पोटात असताना फुप्फुसाकडे जाणारी मोठी धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते. ती जन्मानंतर थोड्याच दिवसांत मिटते; काही मुलांत ती उघडी राहते आणि तिच्यातून अखंड आवाज येतो. एडिंबरोच्या गिब्सन यांनी १९०० साली त्या आवाजाचे वर्णन केले आणि यंत्राच्या घरघरीशी त्याची तुलना रूढ झाली. १९३८ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीची ती नळी शस्त्रक्रियेने बांधून टाकली आणि उपचाराचे नवे दार उघडले. पण याच घटनेने मानेतल्या साध्या गुणगुणीलाही वजन आले. त्याआधी दोन्हींत गल्लत झाली तर डॉक्टर फार तर चुकीचे नाव लिहीत; त्यानंतर त्या चुकीच्या नावामागून शस्त्रक्रियेचा विचार येऊ लागला. दोन्ही आवाज अखंड, दोन्ही घरघरणारे, आणि मानेतला आवाज मोठा असेल तर तो हंसलीच्या खालीही उतरून येतो.

१९८०च्या दशकात, मी नुकतीच दवाखाना थाटून बसले असताना, देवासकडच्या एका शेतकऱ्याने आपल्या सहा वर्षांच्या मुलाला खोकल्यासाठी आणले. मी त्याला आईच्या मांडीवर बसलेला असतानाच तपासले, हंसलीखाली अखंड आवाज ऐकला, आणि कागदावर त्या उघड्या नळीचे नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले. मुलाला आडवे करून पुन्हा ऐकले नाही आणि मानेला बोट लावून पाहिले नाही, कारण बाहेर बाकावर आणखी अकराजण बसले होते. ते प्रश्नचिन्ह माझ्या लेखी फार महत्त्वाचे होते. त्या बापाच्या लेखी ती शाईची एक वाकडी रेघ होती. त्याने उसनवारी करून मुलाला मुंबईला नेले, पण त्याला पैसे जमवायला आठ महिने लागले होते. तिथल्या डॉक्टरांनी मला पाठवलेल्या चिठ्ठीत एकच ओळ होती: मुलाला झोपवल्यावर आवाज ऐकू येत नाही. त्या ओळीत रागाचा लवलेश नव्हता आणि म्हणून ती जास्त लागली. मुलाची आई नंतर भेटली तेव्हा तिने तक्रार केली नाही, फक्त सांगितले, "बाई, आठ महिने त्याला विहिरीकडे जाऊ दिलं नाही, पळू दिलं नाही, झाडावर चढला म्हणून मारलं." ते पोर आठ महिने निरोगी हृदय घेऊन आजाऱ्यासारखे बसून राहिले होते, आणि ते माझ्या एका प्रश्नचिन्हामुळे.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये बर्गमन आणि स्टॅम या दोघांनी १९६७ मध्ये शाळकरी मुलांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता, तो माझ्या वाचनात या प्रसंगानंतर आला. ज्या मुलांच्या हृदयात आवाज असल्याची नोंद कधीकाळी झाली होती त्यांना त्यांनी शोधून तपासले. त्यातली बहुतेक मुले निरोगी निघाली, आणि तरीही त्यांपैकी कितीतरी मुलांवर घरच्यांनी खेळण्या-धावण्याची बंधने घातलेली होती. नसलेल्या हृदयरोगाने जितकी मुले जायबंदी केली होती, तितकी असलेल्या रोगाने केली नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष होता. मी तो लेख वाचला आणि देवासच्या त्या आईचे वाक्य मला पुन्हा ऐकू आले.

तेव्हापासून मी एक नियम पाळला. मुलाचे हृदय बसवूनही ऐकायचे आणि झोपवूनही ऐकायचे, आणि आवाज निरुपद्रवी निघाला तर तो नुसता तोंडाने निरुपद्रवी म्हणायचा नाही. आईच्या कानात स्टेथोस्कोप घालून तिला स्वतःला तो ऐकवायचा आणि थांबवून दाखवायचा. मुलांमध्ये निरुपद्रवी आवाज आणखीही असतात. जॉर्ज स्टिल यांनी १९०९ मध्ये वर्णन केलेला, ताणलेली तार छेडल्यासारखा छातीतला आवाज त्यांतला सर्वांत परिचित. पण त्याला असे बोटाने बंद करून दाखवता येत नाही. मानेच्या गुणगुणीची मोठी सोय हीच आहे की तिचा पुरावा जागच्या जागी हातात देता येतो. डॉक्टरच्या 'काही नाही हो' या शब्दांवर घाबरलेल्या माणसाने विश्वास का ठेवावा? मला तर स्वतःच्या बाबतीतही तसा विश्वास ठेवता येत नाही.

मोठ्या वयात मात्र या आवाजाकडे थोडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. आवाज स्वतः तेव्हाही काही इजा करत नाही. परंतु तो कशाचा तरी निरोप घेऊन आलेला असू शकतो. आमच्याच कॉलनीत खोली घेऊन राहणारी, महूकडून शिकायला आलेली एक मुलगी दम लागतो म्हणून माझ्याकडे आली होती. तिच्या मानेत भोवरा इतका जोरात फिरत होता की बोटाच्या टोकाला त्याची थरथर लागत होती. डोळ्यांच्या खालच्या पापण्या उलटून पाहिल्या तर आत पांढुरके होते, आणि रक्तातले हिमोग्लोबिन सातच्या आसपास निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाळीच्या त्रासावर इलाज झाला, आणि तीन-चार महिन्यांनी मी मुद्दाम मान ऐकली तर भोवरा निजला होता. गरोदरपणात रक्ताभिसरण वाढते तेव्हा किंवा थायरॉइड अतोनात काम करत असेल तेव्हाही ही गुणगुण मोठ्या माणसांत ऐकू येते. म्हणून तरुण बाईच्या मानेत ती मिळाली तर घाबरायचे नाही, पण हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्यायचे.

काही जणांना हा प्रवाह स्वतःच्याच कानात ऐकू येतो. माझे धाकटे दीर भोपाळला असतात. रात्री उजव्या कुशीवर झोपले की कानात नाडीच्या तालावर कुणी केरसुणी फिरवते आहे असे त्यांना वाटे. कानाखाली गळ्याला बोट टेकवले की केरसुणी थांबे, त्यावरून तो आवाज शिरेचा असावा असा अंदाज मला फोनवरच आला. तरीही मी त्यांना डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला आणि स्कॅन करून घ्यायला लावले, कारण एका कानात नाडीसारखा वाजणारा आवाज नवीनच सुरू झाला असेल, त्याच्याबरोबर डोके दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर कवटीतला दाब वाढलेला नाही आणि तिथल्या रक्तवाहिन्यांत काही गडबड नाही ना हे पाहिलेच पाहिजे. त्यांच्यात काही निघाले नाही. आता ते डाव्या कुशीवर झोपतात आणि वहिनींनी उगाच खर्चात पाडले असे सगळ्यांना सांगतात.

मानेतला आवाज अखंड नसून फक्त ठोक्याबरोबर 'फुस्' करून येत असेल, विशेषतः साठीच्या पुढच्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसात, तर तो बहुधा शिरेचा नसून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा असतो. ती अरुंद झाली असण्याची शक्यता असते आणि ते काम बोटाचे नसून सोनोग्राफीचे आहे. याच कारणाने घरातल्या वडीलधाऱ्यांवर बोटाचा हा प्रयोग कुणी करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. गळ्याच्या त्याच भागात धमनीच्या भिंतीत एक नाजूक जागा असते. म्हाताऱ्या माणसात ती दाबली गेली तर नाडी एकदम मंदावून भोवळ येऊ शकते. दोन्ही बाजू एकदम तर कुणाच्याच दाबू नयेत.

तर रविवारी, माझ्या नियमाप्रमाणे, मी स्टेथोस्कोप समोरच्या सुनेच्या कानांत घातला. सुरुवातीला तिला काहीच कळेना, मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. "हाच तो?" तिने विचारले. मी मुलीच्या गळ्यावर बोट टेकवले. ती स्तब्ध झाली. बोट उचलले, टेकवले, उचलले. तिसऱ्या वेळी तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतःचे बोट ठेवले, आणि बराच वेळ ती एकटीच तो आवाज चालू-बंद करत बसली. मी तिला सांगितले की मुलांच्या डॉक्टरांना इथेच इंदूरमध्ये एकदा निवांत दाखवून कागदावर तसे लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी शाळेत पुन्हा हाच घोळ होणार नाही. अहमदाबादच्या तिकिटांचे पैसे मात्र वाचवा. तिने तिथूनच सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, मानेत आहे, मानेत, हृदयात नाहीये," हे तिने इतक्या मोठ्याने सांगितले की फोनची गरज नव्हती.

मुलीला एवढ्या वेळात कुणी काही विचारले नव्हते. तिने आईच्या कानांतून नळी ओढून आपल्या कानांत घातली, स्वतःचा भोवरा तोंड उघडे टाकून ऐकला, आणि मग ती वाटी घेऊन माझ्याकडे वळली. मी ताठ बसले, मान डावीकडे वळवून चिमणीकडे पाहिले. तिने माझ्या हंसलीवर उजवीकडे ऐकले, डावीकडे ऐकले, पुन्हा उजवीकडे ऐकले.

"आजी," ती म्हणाली, "तुझं काहीच वाजत नाहीये. बंद पडलंय का?"

पोहे तोवर गारढोण झाले होते. ते पुन्हा गॅसवर ठेवले, वर जिरावण हा आमचा इंदुरी मसाला भुरभुरला, आणि आम्ही तिघींनी मिळून खाल्ले. त्यातही तिने शेव वेगळी मागून घेतली आणि घरी जाताना, आता उड्या मारल्या तर चालतील का, हे आईला न विचारता मला विचारून घेतले.